घरच्या कपड्याचे माप बसून घ्यावे

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. घरात घालण्यासाठी आपण सुती कापडाचा इलॅस्टिकचा पायजमा शिवला. उभे असताना तो सैल दिसतो, पण मांडी घालून बसताच मागची कंबर खाली ओढली जाते आणि आसनात, म्हणजे दोन पायांच्या सांध्यापाशी, काच बसतो. पुढच्या खेपेस तो दोन मापे मोठा कापला, तरी काच तसाच राहिला. उन्हाळ्यासाठी शिवलेला बिनगुंडीचा कुर्ता मात्र घामाने पाठीला चिकटतो आणि हात वर केला की अख्खा वर सरकतो. कापड चुकले की बेतणे चुकले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पायजम्यात केवळ बेतणे चुकले आहे आणि कुर्त्यात दोन्ही चुकले आहे.

बाहेर घालायचे कपडे माणूस उभा असताना कसा दिसतो हे धरून बेतले जातात आणि शिवणकामाची बहुतेक कोष्टके त्यासाठीच बनलेली असतात. घरचा कपडा मात्र बसून, लोळून, वाकून, गुडघे पोटाशी घेऊन वापरला जातो. म्हणून त्याचे माप बसून घ्यावे, हे मी शिकवायला लागल्यापासून प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. मी हे शिकले तेही फजितीनेच. स्वतःसाठी शिवलेल्या पहिल्या पायजम्याचे पुढचे आणि मागचे आसन मी एकाच कागदावरून कापले होते, कारण तसे केल्याने कापड वाचत होते. आरशासमोर तो उत्तम दिसला आणि आठवड्याच्या आत, जमिनीवर बसून कापड कापत असतानाच, मागची शिवण वीतभर उसवली.

बसल्यावर नेमके काय होते ते आधी पाहू. कमरेला एक नाडी बांधा, मापाच्या पट्टीचे एक टोक पाठीमागे नाडीवर धरा आणि पट्टी दोन पायांमधून पुढे आणून पुढच्या नाडीपर्यंतचे अंतर मोजा. हे माप आधी उभ्याने घ्या आणि मग कडक स्टुलावर बसून, किंचित पुढे वाकून, पुन्हा घ्या. दोन्हींत चार-सहा सेंटिमीटरचा फरक सहज निघतो आणि तो जवळजवळ सगळा मागच्या बाजूचा असतो, कारण बसताना पुढचे अंग दुमडते आणि मागचे ताणले जाते. पायजमा दोन मापे मोठा कापला तेव्हा आपण कापड वाढवले ते बाजूंना, म्हणजे घेरात. मागच्या मधल्या शिवणीची लांबी मात्र होती तेवढीच राहिली असणार, म्हणून काचही राहिला.

आता आकडे घेऊनच बोलू. समजा नितंबांचा घेर १०० सेंटिमीटर आहे. स्टुलावर बसून कमरेच्या नाडीपासून बाजूने स्टुलाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे; ते २६ भरले, तर आसनाची उंची २९ धरावी, म्हणजे ३ सेंटिमीटर मोकळीक मिळते. एका पायाचा पुढचा भाग २९ रुंद आणि मागचाही २९ रुंद धरला, की दोन्ही पाय मिळून घेर ११६ होतो आणि लोळण्याच्या पायजम्याला १६ सेंटिमीटरची ढिलाई पुष्कळ झाली. खरी गोम आहे ती आसनाच्या टोकांत. पुढचे टोक ६ सेंटिमीटर बाहेर काढले, तर मागचे त्याच्या दुप्पट, १२ सेंटिमीटर, काढावे. मागची मधली रेषा वरच्या बाजूला अडीच सेंटिमीटर आत कलती घ्यावी आणि कमरेपाशी तिला ४ ते ५ सेंटिमीटर उंची जास्त द्यावी. तिथून कमरेची रेषा उतरत उतरत पुढच्या बाजूला येते. आसनाची गोलाई काढताना पुढे ती कोपऱ्यापासून तिरक्या दिशेने सुमारे ३ सेंटिमीटरवरून आणि मागे सुमारे साडेचार सेंटिमीटरवरून जाऊ द्यावी. मागची गोलाई खोल खणण्याचा मोह होतो, पण तिथे कापड जितके कमी कराल तितके बसताना कमी पडेल.

कागदावर आकृती झाली की मापाची पट्टी आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी करून दोन्ही गोलाया मोजाव्यात. पुढची आणि मागची मिळून जी बेरीज येईल ती आपल्या बसलेल्या मापापेक्षा किमान ३ सेंटिमीटर जास्त हवी. कमी पडत असेल, तर मागच्या मधल्या रेषेची उंची आणि मागचे टोक यांत वाढ करावी, घेर वाढवू नये. कापण्यापूर्वीची ही दोन मिनिटांची मोजणी पुढचे सगळे उसवणे वाचवते. आणखी एक पडताळा असा, की पायजम्याला चेन किंवा पट्टी नसल्यामुळे इलॅस्टिक ओवण्याआधीचा कमरेचा घेर नितंबांवरून सहज उतरायला हवा. वरील उदाहरणात मागची रेषा दोन्ही पायांत अडीच-अडीच सेंटिमीटर आत घेतल्यावर तो १११ राहतो, तेव्हा अडचण येत नाही.

इथे एका गैरसमजाविषयी लिहिले पाहिजे, कारण तो अनुभवी लोकांतही आढळतो. आसन काचते म्हणून ते खाली उतरवत नेले की मोकळे होईल, असे वाटते. प्रत्यक्षात थोड्या मर्यादेनंतर उलटेच घडते. आसन मांडीच्या मध्यापर्यंत उतरले की तिथून खाली पाय फाकायला जागाच उरत नाही, आणि पाऊल उचलले की कापड दोन्ही मांड्यांवर ओढले जाऊन पूर्ण पायजमा त्यामागे सरकतो. खूप खाली आसन हवेच असेल, तर दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा घालावा लागतो आणि मग पायजमा कितीही खाली उतरला तरी चालणे अडत नाही.

हाच चौकोनी तुकडा आपला तयार पायजमाही वाचवील. आसनाचे चार कोपरे जिथे मिळतात तिथून दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी १२-१२ सेंटिमीटर उसवा. त्याच किंवा तितक्याच जाडीच्या सुती कापडाचा, शिवून १२ सेंटिमीटर भरेल असा चौरस घ्या, म्हणजे माया (शिवणीसाठी कडेला सोडलेले कापड) धरून १४ चा, आणि तो त्या फटीत चारही बाजूंनी शिवा. त्यानेही कंबर मागून उतरत असेल, तर मागचा नेफा उसवून तिथे पाचरीच्या आकाराची पट्टी जोडावी, जी मध्यभागी ५ सेंटिमीटर उंच आणि बाजूच्या शिवणींपाशी शून्य असते. जोड दिसतो खरा, पण घरच्या पायजम्याचा जोड पाहायला कुणी येत नाही.

नवा पायजमा कापणार असाल, तर पायाच्या बाहेरच्या बाजूची शिवण सरळ गाळून टाका आणि पुढचा-मागचा भाग एकाच तुकड्यात कापा. एक शिवण कमी म्हणजे कुशीवर झोपल्यावर रुतणारी एक रेघ कमी. वरच्या आकड्यांनुसार तो तुकडा सर्वांत रुंद जागी ७६ सेंटिमीटर होतो आणि दोन्हीकडे दीड-दीड सेंटिमीटर माया धरून ७९. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ११० असेल, तर एका लांबीत एकच पाय बसतो. पूर्ण लांबी १००, नेफ्याला ४, मोहरीच्या, म्हणजे खालच्या कडेच्या, दुमडीला ४ आणि मागच्या चढावाला ४ असे ११२ सेंटिमीटर एका पायाला लागतात. दोन पायांना २२४ आणि धुण्यात आटण्याची तूट धरून अडीच मीटर. बाजूला ३१ सेंटिमीटर रुंदीचा जो पट्टा उरतो, त्यात खिसे, चौकोनी तुकडा आणि गळ्याच्या पट्ट्या निघतात. कापड उघडे पसरून एकेक पाय कापताना दुसऱ्या पायासाठी कागद उलटा करायला विसरू नका. विसरलात, तर दोन डावे पाय हातात येतात आणि ही चूक न केलेला शिवणारा मला अजून भेटायचा आहे.

इलॅस्टिकची लांबी बहुतेक जण कमरेच्या मापावरून सरळ कापून टाकतात. मी तसे करत नाही. कंबर ८० असेल, तर ७४-७५ सेंटिमीटरचे, अडीच सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक नेफ्यात ओवून टोके फक्त पिनेने जोडावीत, पायजमा घालून अर्धा तास बसावे, झोपावे, मग टोके शिवावीत. नेफा इलॅस्टिकपेक्षा चार-पाच मिलिमीटरच रुंद ठेवावा. जास्त रुंद ठेवला तर इलॅस्टिक आत पीळ खाते. शेवटी इलॅस्टिक ताणून धरून मागच्या मध्यावर एक उभी टीप मारली की पीळही पडत नाही आणि अंधारात पुढची-मागची बाजू हाताला कळते.

कुर्त्याकडे वळू. तो चिकटतो याचे पहिले कारण कापडाच्या धाग्यात शोधावे. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असलेल्या हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, लिननचा सुमारे बारा टक्के, आणि पॉलिएस्टरचा जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे सुतात पॉलिएस्टर बरेच मिसळलेले असले, तर कापड हाताला मऊ लागते, सुरकुतत नाही, आणि घाम मात्र शोषत नाही. आपले कापड शुद्ध सुती आहे का, हे कापडाच्या काठातला बोटभर तुकडा चिमट्यात धरून, धातूच्या ताटलीवर, जाळून पाहता येते. सूत जळते तेव्हा कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी मऊ राख उरते; पॉलिएस्टर वितळून आक्रसते आणि त्याचा टणक काळा मणी होतो. मिश्र कापडात राखेत खडे लागतात. कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची रीत आहे, परंतु नव्या कापडावरची खळ तो थेंब अडवते, म्हणून ती परीक्षा धुतल्यानंतर करावी.

शुद्ध सूत असूनही कुर्ता चिकटत असेल, तर कापडाचा पोत आणि कपड्याची ढिलाई पाहावी. अति मऊ, लोळणारे कापड ओले झाले की अंगाला लपेटून बसते. रेयॉनचे हेच होते: ते सुतापेक्षाही जास्त ओलावा शोषते, छान थंड लागते, पण घामाने जड होऊन लोंबते, शिवाय ओले असताना त्याचा धागा कमजोर होतो, म्हणून रोज धुण्याच्या कपड्याला मी ते टाळते. लिननला आणि जरा कडक विणीच्या सुती कापडाला स्वतःचा ताठा असतो, त्यामुळे ते अंगापासून किंचित दूर राहते. सीरसकरसारख्या आटीव पट्ट्यांच्या कापडाचा गुण हाच, की त्याचे उंचवटेच तेवढे अंगाला टेकतात आणि मधून हवा फिरते; इस्त्रीची गरज नाही हा वरचा फायदा. वजनाचा अंदाज हवा असेल, तर कुर्त्याला चौरस मीटरला ८० ते ११० ग्रॅम आणि पायजम्याला १२० ते १५० ग्रॅमचे कापड ठीक पडते. त्याहून विरळ मलमल सुंदर लागते खरी, पण आसनात आणि गुडघ्यावर ती टिकत नाही.

ढिलाईचे महत्त्व रंगापेक्षाही जास्त आहे. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, या प्रश्नावर १९८० साली ‘नेचर’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काळ्या झग्याने जास्त उष्णता शोषली, तरी ती त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जात होती, आणि काळ्या व पांढऱ्या झग्यांतल्या माणसाला मिळणारी उष्णता सारखीच भरली. कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे, एवढे आपल्या कामाचे. छातीचा घेर ९६ असेल, तर कुर्त्याचा तयार घेर ११४ ते ११८ ठेवावा आणि तो खालपर्यंत तसाच सरळ सोडावा किंवा बाजूंना कळी घालून वाढवावा. कमरेत आवळू नये.

हात वर केल्यावर कुर्ता वर का जातो, याचे उत्तरही वरच्या आसनासारखेच उलटे आहे. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, घट्ट वाटतो म्हणून आपण तो खाली उतरवला असणार. मुंढा जितका खाली, तितका बाहीचा खालचा जोड कमरेच्या जवळ, आणि हात उचलला की बाही थेट कुर्त्याच्या बाजूला धरूनच वर ओढते. मुंढा काखेच्या फार खाली नेऊ नये आणि कमी पडणारी लांबी चौबगल्याने द्यावी. चौबगला म्हणजे बाही आणि बाजू यांच्या सांध्यात, काखेत बसणारा चौरस. तो शिवून १० सेंटिमीटरचा भरावा, म्हणजे १ सेंटिमीटर माया धरून १२ चा कापावा. धाग्याला सरळ धरून कापलेला हा चौरस काखेत बसतो तेव्हा त्याचा कर्ण बाहीकडून बाजूकडे जातो, आणि कर्णाच्या दिशेने कापड ताणते. हात वर जातो तेव्हा नेमका तिकडेच ताण हवा असतो.

चौबगला जोडताना नवशिक्यांचे कोपरे चुणतात, म्हणून ती कृती सावकाश सांगते. चौरसाच्या चारही कोपऱ्यांत, कडेपासून १ सेंटिमीटर आत, पेन्सिलीने ठिपके करा. चौरसाची एक कड बाहीच्या एका कडेला सुलट बाजू एकमेकींवर ठेवून जुळवा आणि टीप एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंतच मारा, मायेत शिरू देऊ नका. तिथे दोन टाके मागे घेऊन दोरा तोडा. मग लगतची कड कुर्त्याच्या बाजूला जुळवा आणि सुई पुन्हा त्याच ठिपक्यात, हाताने चाक फिरवून, उतरवा. दोन्ही टिपा एकाच भोकात भेटल्या की कोपरा टोकदार उमटतो. एका टाक्यानेही पुढे गेलात तर चुणी पडते, एक टाका कमी पडला तर भोक राहते. चुणी उसवून सुधारते, भोक धुण्यागणिक वाढते. चारही कडांचे असेच करून मग चौबगल्यापासून खाली बाजूची शिवण आणि चौबगल्यापासून पुढे बाहीची शिवण घालावी.

गळ्याबाबत थोडक्यात. बिनगुंडीच्या कुर्त्यात डोके जायला हवे, तेव्हा डोक्याचा घेर मोजून गळ्याचा घेर त्याहून दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवावा. कापल्याबरोबर, कुर्ता उचलण्याआधीच, कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर एक साधी टीप मारून गळा बांधून घ्यावा, कारण कापलेली गोलाई तिरक्या धाग्यावर असते आणि नुसती हाताळली तरी पसरते. कडेला जाड पट्टी लावण्यापेक्षा ३ सेंटिमीटर रुंदीची तिरकी, म्हणजे उरेब, पट्टी किंचित ताणत लावून आत दुमडली, तर मानेला काही टोचत नाही.

आतल्या शिवणी हा उन्हाळी कपड्याचा अर्धा आराम आहे. इंटरलॉकचा दोरा घामेजल्या अंगाला खुपतो. पातळ कापडात मी लांब, सरळ शिवणींना फ्रेंच शिलाई घालते: आधी उलट्या बाजू आतमध्ये ठेवून ७ मिलिमीटरवर टीप, माया कातरून ३-४ मिलिमीटर, मग कापड उलटवून, इस्त्री करून, ८ मिलिमीटरवर दुसरी टीप. कापडाची कड आत बंद होते आणि दीड सेंटिमीटरची माया बरोबर पुरते. चौबगल्याच्या आणि आसनाच्या वळणांवर ही शिलाई नीट वळत नाही. तिथे साधी शिवण घालून एका बाजूची माया निम्मी कातरावी आणि दुसरी तिच्यावर दुमडून चपटी शिवून टाकावी. पातळ कापडाला ७० नंबरची नवी सुई आणि दोन-अडीच मिलिमीटरचा टाका पुरतो. टीप सुरू करताना मशीन कापड खाली ओढत असेल, तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवावे आणि मग ती फाडून काढावी.

कापड कापण्याआधी धुवावे, हे आपण वाचलेच असेल, पण किती आटते ते मोजावे असे माझे सांगणे आहे. कोपऱ्यात ५० सेंटिमीटरचा चौरस न पुसणाऱ्या पेनाने आखा, कापड रात्रभर पाण्यात ठेवा, एरवी धुता तसेच धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. उभा धागा, म्हणजे कापडाच्या लांबीकडचा, ४८ भरला तर ४ टक्के आटले. घट्ट विणीच्या सुताला तीन ते पाच टक्के नेहमीचे. सैल विणीचे कापड त्याहून बरेच आटू शकते, आणि बहुधा उभ्या धाग्यातच जास्त, म्हणजे पायजम्याच्या नेमक्या लांबीत आणि आसनाच्या उंचीत. आपला पहिला पायजमा न धुतलेल्या कापडाचा असेल, तर २९ ची उंची दोन-चार धुण्यांनंतर २८ च्या खाली आली असेल, हेही काचण्याचे एक कारण धरा.

सध्याच्या कुर्त्याचे म्हणाल, तर आधी काठाचा तुकडा जाळून पाहा. राखेत खडे लागले, तर त्यावर आणखी कष्ट घेऊ नका. उसवून त्याचेच कागदाऐवजी नमुने करा, कारण घालून पाहिलेल्या कपड्याइतका चांगला नमुना मिळत नाही. सूत निघाले, तर दोन्ही काखा उसवा. खाली उतरलेला मुंढा भरून काढायला १० चा नव्हे, १४ सेंटिमीटरचा चौबगला लागेल, आणि तेवढे कापड मोहरीच्या दुमडीत किंवा खिशाच्या आत दडलेले सापडते.